नौला आटला तर काठमांडूकडे काय मागावे आणि गावाकडे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील गिर्यारोहकांचा एक गट काही वर्षांपासून उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्यातल्या एका गावात नियमाने जातो. त्या गावाचा नौला, म्हणजे झऱ्याचे पाणी साठवणारे दगडी बांधणीचे छोटे टाके, अलीकडे एप्रिलअखेर कोरडा पडू लागला आहे. गटाने थोडी रक्कम जमवली आहे. काठमांडूजवळ हिमालयासाठी आठ देशांनी मिळून चालवलेली इसिमोड नावाची संस्था आहे, असे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : ही संस्था नेमके करते काय, तिच्याकडून या गावासाठी निधी मिळेल का, आणि मिळणार नसेल तर जमवलेल्या पैशांतून नौल्याच्या वरच्या उतारावर चर खणावेत का.

उत्तराआधी मी कुठून बोलतो आहे ते सांगतो. मी भूजलाचा अभ्यासक आहे. पहिली काही वर्षे सह्याद्रीत काम केले आणि त्यानंतरची जवळपास सतरा वर्षे कुमाऊं, सिक्कीम आणि पश्चिम नेपाळ या भागांत झऱ्यांच्या कामात घालवली. इसिमोडचा मी कधीही कर्मचारी नव्हतो. मात्र तिथल्या प्रशिक्षणवर्गांत आधी शिकलो, पुढे शिकवलेही, आणि तिचे नकाशे व कार्यपद्धती रोजच्या कामात वापरत आलो. त्यामुळे संस्थेचे बळ कुठे आहे आणि मर्यादा कुठे आहे, हे मला बऱ्यापैकी जवळून दिसले आहे.

तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी त्यांच्या तळाशी एकच अडचण आहे. डोंगरात पाणी मुरते एकीकडे आणि निघते दुसरीकडे. आणि ज्याच्या जमिनीत ते मुरते तो माणूस बहुतेक वेळा ते पिणारा नसतो. तुमच्या नौल्याचे दुखणे हेच आहे. आठ देश एका संस्थेत एकत्र येण्याचे कारणही हेच आहे. म्हणून आधी संस्थेबद्दल लिहितो, मग नौल्याकडे येतो. नौल्याबद्दल अधिक लिहीन, कारण तुमचे पैसे तिथे लागणार आहेत.

इसिमोड हे 'इंटरनॅशनल सेंटर फॉर इंटिग्रेटेड माउंटन डेव्हलपमेंट' या लांबलचक नावाचे रुळलेले लघुरूप. नेपाळ सरकार आणि युनेस्को यांच्यातील करारातून ही संस्था उभी राहिली आणि ५ डिसेंबर १९८३ रोजी तिचे उद्घाटन झाले. मुख्यालय काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरमध्ये, खुमलटार येथे आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, चीन, भूतान, बांगलादेश आणि म्यानमार हे तिचे आठ सदस्य देश. तिचे कार्यक्षेत्र म्हणजे हिंदुकुश ते म्यानमारच्या डोंगरांपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर पसरलेला पर्वतपट्टा. त्यातून सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावदी, मेकाँग, यांगत्से अशा दहा मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांना पाणी मिळते. या डोंगराळ भागात सुमारे २४ कोटी लोक राहतात, तर त्या नद्यांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांची संख्या १६५ कोटींच्या घरात आहे. मुरण्याची जागा आणि पिण्याची जागा वेगळी, हे सूत्र या दोन आकड्यांतच आहे.

संस्था जन्मली त्या काळात एक समजूत फार पक्की होती : नेपाळ-कुमाऊंमधला डोंगरी शेतकरी जंगल तोडतो आणि म्हणून बांगलादेशात पूर येतो. ही समजूत सोयीची होती, कारण दोष देण्यासाठी सर्वांत गरीब माणूस हाताशी होता. पुढील अभ्यासांतून हे कार्यकारण फारच ढोबळ असल्याचे दिसले. हिमालयातील धूप मोठ्या प्रमाणावर भूगर्भीय घडामोडी आणि अतिवृष्टी यांमुळे होते, आणि सखल भागातील पुराला तिथल्याच पावसासह अनेक कारणे असतात. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो. पर्वताचे रक्षण आणि पर्वतातील माणसाचे भले या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत, ही भूमिका घेऊन काम करणारी प्रादेशिक संस्था का हवी होती, ते त्यातून कळते.

आता ती काय करत नाही ते सांगतो, कारण गैरसमज इथेच होतात. इसिमोड ही निधी वाटणारी संस्था नाही. एखाद्या गावाने अर्ज करावा आणि टाकीसाठी पैसे मिळावेत, अशी तिची रचनाच नाही. तिला कायदा करण्याचा किंवा कोणत्याही देशावर काही बंधनकारक करण्याचा अधिकार नाही. युरोपात आल्प्स पर्वतासाठी १९९१ मध्ये करार झाला आणि त्या देशांनी त्याखाली काही बंधने स्वीकारली. हिमालयात तसे काहीही नाही. इसिमोड हे आंतरसरकारी ज्ञानकेंद्र आहे : मोजमाप करणे, ते आठही देशांना एकाच भाषेत समजेल असे मांडणे, कार्यपद्धती तयार करणे, माणसे शिकवणे, आणि एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्यांना एका टेबलाशी बसवणे, हे तिचे काम. हे काम ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर झालेलीच नाही, आणि चीन व म्यानमार तर सार्कचे सदस्यही नाहीत. भारत, पाकिस्तान आणि चीन यांचे प्रतिनिधी एकाच नियामक मंडळावर बसून डोंगराविषयी बोलतात, अशा जागा या भागात फार थोड्या आहेत.

मोजमापाचे एक उदाहरण देतो. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील याला ही हिमनदी पूर्वीपासून अभ्यासली गेली आहे. १९७० च्या दशकातल्या पहिल्या मोजणीपासून ती ६६ टक्के आक्रसली आणि ७८४ मीटर मागे सरकली. मे २०२५ मध्ये तिथे तिला निरोप देणारा कार्यक्रम झाला. संपूर्ण हिंदुकुश-हिमालयाचा विचार केला तर २०११ ते २०२० या दशकात हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने वितळल्या, असे इसिमोडच्या २०२३ च्या अहवालात नोंदवले आहे. उत्सर्जन असेच चालू राहिले तर या शतकाच्या अखेरीस त्यांचे ८० टक्क्यांपर्यंत आकारमान नष्ट होऊ शकते. एकट्या देशाच्या नोंदींवरून असे चित्र उभे करता आले नसते.

दुसरे उदाहरण मला स्वतःला अधिक जवळचे आहे, कारण त्यात लाभणारा माणूस समोर दिसतो. नेपाळमधून बिहारच्या सीतामढी जिल्ह्यात रतू नावाची नदी उतरते. वर पाऊस झाला की खाली काही तासांत लोंढा येतो. इसिमोड आणि स्थानिक सहकारी संस्थांनी वरच्या भागात नदीकाठी संवेदक बसवले. पाणी ठरावीक पातळीला टेकले की राखणदाराच्या घरी भोंगा वाजतो आणि तो सीमेपलीकडच्या गावातील माणसाला सरळ फोन करतो. दिल्ली-काठमांडू पत्रव्यवहाराची वाट पाहावी लागत नाही. आसाममध्ये आरण्यक या संस्थेबरोबर उभारलेल्या अशाच व्यवस्थेला २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान यंत्रणेकडून गौरव मिळाला. यंत्र साधे असते. वरच्या गावातला माणूस रात्री दोन वाजता उठून, ज्याला कधी पाहिलेही नाही अशा खालच्या माणसाला फोन करतो, हे त्यातले खरे मोलाचे काम आहे.

तक्रारीही आहेत आणि त्या रास्त आहेत. अहवाल पुष्कळ निघतात आणि ते गावापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. प्रकल्प देणगीदारांच्या मुदतीने चालतात. तीन-चार वर्षांनी निधी संपला की गावातली नोंदवही बंद पडते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. शिवाय देश आपापली माहिती हातची राखतात. भारतातच गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतील नद्यांच्या प्रवाहाची बरीचशी आकडेवारी गोपनीय मानली जाते. अशा स्थितीत गावाने स्वतः मोजलेला झरा ही कोणालाही न विचारता वापरता येणारी माहिती असते, आणि तिचे मोल आपण समजतो त्याहून खूप जास्त असते.

तुमच्या गावाशी या संस्थेचा थेट संबंधही आहे. भारत, नेपाळ आणि चीन यांच्या सीमा मिळतात त्या भागात सुमारे ३१,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश 'पवित्र कैलास भूप्रदेश' म्हणून एकत्र विचारात घेतला गेला, आणि पिथौरागढ जिल्हा त्यात येतो. भारताच्या बाजूने अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल येथील गोविंद वल्लभ पंत राष्ट्रीय हिमालयी पर्यावरण संस्थान हे त्यातील प्रमुख सहकारी. याच उपक्रमातून च्युरा या झाडाच्या बियांतील तुपासारख्या तेलापासून साबण, काली नदीपलीकडे दार्चुल्यात अल्लो या खाज आणणाऱ्या डोंगरी झुडपाच्या धाग्याचे विणकाम, आणि झऱ्यांचे पुनरुज्जीवन अशी कामे झाली. म्हणजे तुमच्या गावाच्या आसपास कुणी तरी आधीच खडक पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. पहिली चौकशी काठमांडूला न करता कोसी-कटारमलला करावी.

आता नौला.

नीती आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतीय हिमालयात सुमारे ३० लाख झरे आहेत आणि त्यांपैकी जवळपास निम्मे आटत चालले आहेत. मोठ्या नद्या खोल दरीतून वाहतात, गाव वर धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या रेषेवर असते. म्हणून गंगा-यमुनेच्या उगमाच्या प्रदेशातही पिण्याचे पाणी झऱ्याचेच असते. हल्ली घरोघरी नळ आले आहेत, परंतु त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक ठिकाणी झराच असतो.

वरच्या उतारावर चर खणावेत का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर खडकावर अवलंबून आहे, आणि खडक पाहिल्याशिवाय कोणीही 'हो' म्हणू नये. हे मी ठामपणे लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. सह्याद्रीतून मी कुमाऊंत गेलो तेव्हा माझ्या डोक्यात बेसाल्ट होता. आपल्याकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक पोळ्या ठेवाव्यात तसे असतात. वरच्या सच्छिद्र किंवा भेगाळ थरातून पाणी खाली झिरपते, घट्ट थराला अडते आणि दोन थरांच्या सांध्यावर झरा फुटतो. त्यामुळे झऱ्याच्या डोक्यावरचे पठार म्हणजे त्याची मुरण्याची जागा, हे गणित सह्याद्रीत पुष्कळदा बरोबर येते. तेच गणित घेऊन मी कुमाऊंतल्या एका गावात नौल्याच्या वरच्या उतारावर सलग समतल चर आखून दिले. गावकऱ्यांनी हिवाळाभर खणले. पावसाळ्यात चर तुडुंब भरले, आम्ही सगळे आनंदलो. पुढच्या मे महिन्यात नौला पूर्वीच्याच तारखेला आटला. पाणी मात्र गेले नव्हते. तीनशे मीटर खाली गधेऱ्यात, म्हणजे डोंगरी ओढ्यात, जिथे कोणी राहत नाही, तिथे दगडांच्या फटीतून नवी ओल दिसू लागली होती.

काय झाले होते? हिमालयातील खडक आडवे नसतात. घड्या पडून, तुटून ते कललेले असतात. त्या गावात फायलाइट आणि क्वार्टझाइटचे थर दक्षिणेकडे कललेले होते आणि नौला दक्षिण उतारावर होता. म्हणजे नौल्याला पाणी पुरवणाऱ्या थराच्या उघड्या कडा डोंगराच्या पाठीमागे, उत्तर उतारावर होत्या. तिथे पडलेला पाऊस त्या कडांमधून आत शिरत होता आणि थराच्या कलाने डोंगराच्या पोटातून दक्षिणेकडे येऊन नौल्यात निघत होता. आम्ही चर खणले ते थर वेगळे, उथळ होते. त्यांतले पाणी नौल्याच्या वरून निघून खाली गधेऱ्यात गेले. पाणलोट क्षेत्र डोंगराच्या धारेने ठरते, परंतु झऱ्याचे क्षेत्र खडकाच्या कलाने ठरते, आणि ते धारेच्या पलीकडेही असू शकते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी तुमचे पैसे वाचतील.

कल मोजणे अवघड नाही. भूगर्भशास्त्रज्ञ ब्रंटन होकायंत्र वापरतात, पण कच्चा अंदाज कोणालाही घेता येतो. नौल्याच्या आसपास उघडा खडक शोधा, थराच्या सपाट पृष्ठावर थोडे पाणी ओता आणि ते कोणत्या दिशेला ओघळते ते पाहा. तीच कलाची दिशा. असे निदान दहा-बारा ठिकाणी करून नकाशावर बाण काढा. मात्र झरा थरांच्या कलामुळेच फुटला असेल असे नाही. तो दोन खडकांच्या सांध्यावरचा असेल, भेगेतून येणारा असेल, प्रस्तरभंगावरचा, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागेवरचा असेल, चुनखडीच्या पोकळ्यांतला असेल, किंवा जमिनीचा खळगा भूजलपातळीला भिडल्यामुळे निघालेला असेल. पिथौरागढ-गंगोलीहाट भागात चुनखडी आणि डोलोमाइट पुष्कळ आहेत. त्या खडकात पाणी कुठून कुठे जाते ते नुसत्या कलावरून सांगता येत नाही. तिथे तज्ज्ञ लागतोच.

पुण्यातील अ‍ॅक्वाडॅम ही संस्था नेमके हेच काम करते, आणि मराठी माणूस म्हणून मला त्याचा विशेष आनंद आहे. सिक्कीम सरकारच्या 'धारा विकास' या २००८ पासूनच्या कार्यक्रमात या संस्थेने भूशास्त्रीय बाजू भक्कम केली, आणि हिंदुकुश-हिमालयातील झरे पुनरुज्जीवित करण्याची जी कार्यपद्धती इसिमोडने २०१८ मध्ये पुस्तिकारूपात प्रसिद्ध केली ती अ‍ॅक्वाडॅमबरोबरच तयार झालेली आहे. प्रादेशिक संस्था असण्याचा उपयोग इथे दिसतो : पुण्यातले भूजलशास्त्र, सिक्कीममधला प्रशासकीय अनुभव आणि नेपाळमधल्या गावांतले प्रयोग एका चौकटीत आले, आणि ती चौकट आता भूतानमध्येही वापरली जाते. पुस्तिका विनामूल्य उतरवून घेता येते. तुमच्या गटातील दोघा-तिघांनी ती आधी वाचावी.

खडकाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, मोजणी सुरू करावी. लागते काय? दहा लिटरची बादली, मोबाइलमधले घड्याळ, एक वही आणि रोज पाण्याला येणारी एक व्यक्ती. मी ज्या गावांत गेलो तिथे हे काम बायकांनी सर्वांत काटेकोरपणे केले. एका काकींची वही मला आजही आठवते : शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पाने, डावीकडे तारीख, उजवीकडे बादली भरायला लागलेले सेकंद, आणि मधेच एका ओळीत 'आज ढोर पाण्यात शिरले, माप चुकले' अशी प्रामाणिक नोंद. त्या वहीने आम्हाला जे सांगितले ते कोणत्याही उपग्रहचित्राने सांगितले नसते.

हिशेब साधा आहे. बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर हा जल जीवन मिशनचा निकष धरला तर जवळपास ३९० माणसांना पुरेल इतके पाणी झाले. तीच बादली मे महिन्यात पाच मिनिटांत भरत असेल, तर मिनिटाला २ लिटर, दिवसाला २,८८० लिटर, आणि पुरते फक्त ५२ माणसांना. आता गावची लोकसंख्या दीडशे असेल तर अडचण वर्षभराची नसून उन्हाळ्यापुरती आहे, हे लगेच कळते. हा हिशेब रात्रीचे पाणीही धरून आहे, म्हणून ते वाया न घालवता साठवणारी टाकी हा कदाचित चरांआधी करण्याचा, स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरेल. नोंदीशेजारी पावसाचे माप ठेवले तर आणखी एक गोष्ट उमगते. पाऊस पडताच झरा वाढत असेल आणि पाऊस थांबताच उतरत असेल, तर त्याचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, लहान व उथळ आहे आणि मुरण्याची जागा जवळ आहे. पावसानंतर काही आठवड्यांनी झरा हळूहळू वाढत असेल, तर जलधर मोठा आहे आणि पाणी लांबून येते आहे. एका पूर्ण वर्षाच्या नोंदी नसताना पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर थांबणे जड जाते, हेही मला ठाऊक आहे.

मुरण्याची जागा सापडली की खरे काम सुरू होते, आणि ते माणसांमधले असते. माझ्या त्या गावात ती जागा धारेपलीकडे, दुसऱ्या गावाच्या वनपंचायतीच्या हद्दीत निघाली. कुमाऊंमध्ये वनपंचायती १९३१ पासून आहेत आणि आपल्या जंगलाबाबत त्या हळव्या असतात, ते योग्यही आहे. तिथे चर खणायचे आणि काही वर्षे चराई थांबवायची, तर पलीकडच्या गावाने गवत कुठून आणायचे? पाणी अलीकडच्यांना मिळणार. पहिल्या बैठकीत तिथल्या एका आजोबांनी विचारले, "तुमच्या नौल्यासाठी आमच्या गाईंनी उपाशी राहायचे का?" यावर कोणाकडे उत्तर नव्हते. तिसऱ्या बैठकीत उत्तर मिळाले : बंदी संपूर्ण उतारावर न घालता आलटूनपालटून एकेका तुकड्यावर घालायची, बांधांवर लावलेला चारा पलीकडच्या गावाचा, खणण्याची मजुरी निम्मी त्यांना, आणि अलीकडच्या गावाने दर हिवाळ्यात चर साफ करायला माणसे पाठवायची. कागदावर दोन्ही सरपंचांच्या सह्या झाल्या. या समझोत्याला आमच्या चरांपेक्षा अधिक वेळ लागला, आणि तोच टिकला. त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात नौला जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला.

आणखी एक गोष्ट तुम्ही बाहेरचे असल्यामुळे तुमच्या नजरेतून सुटू शकते. कोणत्या नौल्यावर कोण पाणी भरते, यामागे काही गावांत आजही जातीची विभागणी असते. तुम्ही ज्या घरात उतरता त्यांचा नौला जिवंत झाला आणि शंभर पावलांवरच्या शिल्पकार, म्हणजे कुमाऊंतल्या दलित, वस्तीचा आटलेलाच राहिला, तर तुमच्या मदतीने गावातली दरी वाढेल. म्हणून सर्व झऱ्यांची यादी करावी, आणि ती त्या त्या वस्तीतल्या माणसांबरोबर फिरून करावी.

झाडांबद्दलही थोडे सांगतो, कारण 'चीड (पाइन) काढा, बांज (डोंगरी ओक) लावा, पाणी येईल' हे वाक्य तुम्हाला तिथे दहा जण ऐकवतील. बांजाच्या जंगलातली पालापाचोळ्याची मऊ जमीन पाणी चांगले मुरवते, हे खरे आहे आणि स्थानिकांचा अनुभव खोटा नाही. तरीही झाड स्वतः पाणी पिते, ते वाढायला पंधरा-वीस वर्षे जातात, आणि मुरण्याच्या जागेबाहेर लावलेल्या बांजाचा तुमच्या नौल्याला काहीही उपयोग नसतो. जिथे बांज आहे तिथे तो राखावा; नवीन लावायचा तर मुरण्याच्या जागेतच लावावा. याउलट 'चाल-खाल', म्हणजे धारेजवळच्या खोलगट जागी पावसाचे पाणी अडवणारी जुनी छोटी तळी, अनेक गावांत बुजून पडलेली असतात. पौडी गढवालमधील उफरैंखाल भागात लोकांनी स्वतःच्या श्रमाने अशी हजारो तळी केली, आणि ते काम देशभर ओळखले गेले. जुनी खाल सापडली तर ती साफ करणे हा पहिला खर्च असावा, कारण पूर्वजांनी जागा सहसा बरोबर निवडलेली असते. फक्त एक खबरदारी घ्यावी : तीव्र उतारावर, भुसभुशीत जमिनीत किंवा जुन्या दरडीच्या डोक्यावर पाणी कधीही मुरवू नये. भिजलेला उतार खाली येतो, आणि खाली घरे असतात.

पैशांबाबत माझा सल्ला असा. तुमच्या रकमेतून खोदकाम करू नका. खोदकामाची मजुरी सरकारी रोजगार योजनेतून आणि जलसंधारणाच्या निधीतून उभी करता येते, सिक्कीममध्ये ती तशीच उभी राहिली. उत्तराखंड सरकारनेही झरे व नद्यांसाठी वेगळे प्राधिकरण नेमले आहे. सरकारी निधी ज्यासाठी सहसा मिळत नाही त्यासाठी तुमचे पैसे वापरा : वर्षभराच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन स्थानिक व्यक्तींचे मानधन, भूशास्त्रज्ञाच्या दोन फेऱ्या, पर्जन्यमापक, दोन गावांच्या बैठकांचा प्रवास आणि चहापाणी, आणि काम झाल्यावर पुढील तीन वर्षांची मोजणी. कुमाऊंत चिराग आणि डेहराडूनची पीपल्स सायन्स इन्स्टिट्यूट या संस्थांना झऱ्यांचा दीर्घ अनुभव आहे. त्यांच्यापैकी कुणाला बरोबर घेतल्याशिवाय थेट गावात काम सुरू करू नये. तुम्ही वर्षातून दोनदा जाणार, त्या तिथेच असतात.

आणि इसिमोडकडे काय मागावे? कार्यपद्धती मागावी, ती मिळते. प्रशिक्षण मागावे, गावातील एखाद्या मुलीला किंवा मुलाला झरे मोजण्याचे व खडक ओळखण्याचे शिक्षण मिळाले, तर ते ज्ञान तुमच्या गटाच्या उत्साहापेक्षा जास्त काळ गावात राहील. परिसराचे नकाशे आणि आधीच्या प्रकल्पांची माहिती मागावी. आणि वर्षभराच्या नोंदी तयार झाल्या की त्या कोसी-कटारमलमार्फत त्यांना द्याव्यात. आठ देशांच्या हिमालयात शास्त्रशुद्ध मोजलेले झरे अजून फार थोडे आहेत. त्यात तुमच्या गावाच्या एका नौल्याची भर पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही जाल तेव्हा पाऊस नुकताच ओसरलेला असेल आणि झरे भरलेले असतील; मोजणी सुरू करायला तो काळ उत्तम. पहिल्या दिवशी सकाळी, बायका पाणी भरायला येण्याआधी आणि त्या भरून गेल्यावर, अशी दोनदा बादली लावा. नौल्यात पाणी येते ती धार बाहेर वळवता येत नसेल तर टाके थोडे रिकामे करून पातळी किती वेळात किती चढते ते मोजा. मात्र त्याआधी गावाला विचारा, कारण नौला हे तिथे देवाचे स्थान असते, आणि चप्पल काढल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. खडकाचे फोटो काढाल तेव्हा शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि प्रत्येक फोटोखाली तो कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते लिहून ठेवा.